घडीचा चाकू कसा निवडाल?

कल्याणहून मुरबाड-टोकावडेमार्गे माळशेज घाटाकडे निघालात की घाटाच्या अलीकडे वैशाखरे हे गाव लागते. नाणेघाटाची वाट इथूनच वर चढते. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, व्यापारी या वाटेने जुन्नरकडे माल नेत. आज त्याच वाटेने शाळांच्या सहली जातात. वाटेत भेटणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या कमरेला तुम्हाला कोयता अडकवलेला दिसेल. राबासाठी टहाळ तोडायचे, कुंपणासाठी काट्या छाटायच्या, तर कोयताच हवा. पण खताच्या गोणीची शिवण उसवायची, काकडीच्या मांडवाची सुतळी कापायची, आंबा चिरायचा किंवा जखमेवर बांधायला कापडाची पट्टी फाडायची, तर कोयता फारच अवजड. अशा बारीक कामांना खिशात मावणारा घडीचा चाकू उपयोगी पडतो.

बाजारात किंवा पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत चाकूंच्या ढिगापुढे उभे राहिलात, तर कोणता उचलाल? चकचकीत दिसणारा? सर्वांत महाग? की ज्याला कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, विजेरी असे दहा प्रकार जोडले आहेत तो? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या भौतिक आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकातच दडलेले आहे. चांगल्या चाकूची परीक्षा तीन ठिकाणी करायची असते : धार, पोलाद आणि पाते जिच्याभोवती फिरते ती खीळ. या तिन्ही गोष्टी ठीक असतील तर स्वस्त चाकूही वर्षानुवर्षे काम देतो. यांतली एक जरी कच्ची असली, तरी आपल्याच बोटाला इजा होण्याची भीती असते.

धार म्हणजे काय?

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकला आहात. समजा, तुम्ही चाकूवर १० न्यूटन बल लावले. एक किलोग्रॅम वजन हातावर जेवढे जाणवते, साधारण तेवढे हे बल आहे. धारेचा २० मिलिमीटर लांबीचा भाग दोरीला टेकला आहे आणि धारेची रुंदी ०.०१ मिलिमीटर आहे असे धरू. म्हणजे क्षेत्रफळ झाले ०.२ चौरस मिलिमीटर आणि दाब झाला दर चौरस मिलिमीटरला ५० न्यूटन. वातावरणाच्या दाबाच्या हा जवळजवळ पाचशे पट आहे!

आता हीच धार बोथट होऊन ०.२ मिलिमीटर रुंद झाली असे समजा. क्षेत्रफळ वीस पट वाढले, म्हणून दाब वीस पट कमी झाला. दोरी कापण्यासाठी आता तुम्हाला कितीतरी जास्त जोर लावावा लागेल. जोर लावला की चाकू निसटतो, आणि निसटलेला चाकू त्याच जोराने बोटात घुसतो. बोथट चाकू सुरक्षित असतो, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

धार लागलेले पाते ही एक पाचर असते. पाचर जितकी अरुंद, तितकी ती पदार्थात सहज शिरते. कोयत्याची पाठ जाड असते, कारण त्याला घाव सोसायचे असतात. खिशातल्या चाकूला घाव घालायचे नसतात. त्याच्या पाठीची जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास आणि पात्याची लांबी सात-आठ सेंटिमीटर असली की पुष्कळ झाले. जाडजूड पात्याचा चाकू मजबूत वाटतो, पण त्याने साधा कांदा चिरायला घेतला तर कांदा चिरण्याऐवजी फाटतो.

पोलादाची गोष्ट

शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात थोडा कार्बन मिसळला की पोलाद बनते. चाकूच्या साध्या पोलादात सुमारे ०.६ ते १ टक्का कार्बन असतो. आपल्याकडचे लोहार कोयते घडवताना मालमोटारीचे जुने पाटे वापरतात, ते याचमुळे. स्प्रिंगच्या त्या पोलादात कार्बन बऱ्यापैकी असतो आणि ते चिवटही असते.

पण नुसता कार्बन पुरत नाही. लोहार पाते लालभडक तापवतो आणि एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतो. यालाच तो ‘पाणी देणे’ म्हणतो. सुमारे ७३० अंश सेल्सिअसच्या वर पोलादातील लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि कार्बनचे अणू तिच्यात सामावतात. पाते झटकन थंड केले की या अणूंना बाहेर पडायला सवडच मिळत नाही. ते अडकून पडतात आणि पोलाद अतिशय कठीण बनते. मात्र ते काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून पाते पुन्हा दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत मंद तापवतात. थोडी कठिणता जाते, पण चिवटपणा येतो. या वेळी घासून उजळ केलेल्या पात्यावर प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी आणि पुढे जांभळा-निळा रंग चढतो. त्या रंगावरून कसबी लोहार थर्मामीटरशिवाय तपमान ओळखतो.

दुसरा प्रकार अगंज पोलादाचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये असे पोलाद तयार केले, आणि त्याचा एक पहिला उपयोग सुऱ्या बनवण्यासाठी झाला. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ आवरण तयार होते आणि ते आतल्या धातूचे रक्षण करते. ओरखडा पडला तरी हे आवरण पुन्हा आपोआप तयार होते.

मग यांतले कोणते घ्यावे? साधे पोलाद सहज पाजवता येते, पण लवकर गंजते. आवळा किंवा केळफूल लोखंडी विळीवर चिरले की विळी आणि फोडी काळ्या पडतात, हे तुम्ही घरी पाहिले असेल. फळातील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने हा काळा रंग बनतो. अगंज पोलादावर असे होत नाही. वैशाखऱ्यासारख्या डोंगराच्या पायथ्याच्या गावी चार महिने धो धो पाऊस असतो आणि हवा दमट असते. तिथे चाकू रोज पुसून तेल लावण्याची सवय असेल, तर साध्या पोलादाचा घ्या. नसेल तर अगंज पोलादाचा बरा.

इथे एक युक्ती सांगतो. दुकानात जाताना लहानसे चुंबक खिशात ठेवा. घरातल्या स्टीलच्या ताटाला चुंबक बहुधा चिकटत नाही, कारण त्या पोलादातील मिश्रणामुळे त्याची रचना वेगळी असते. असे पोलाद तापवून आणि थंड करून कठीण करता येत नाही. म्हणून चाकूच्या पात्याला चुंबक चिकटले नाही, तर ते ताटाच्या जातीचे समजा आणि चाकू परत ठेवा. त्याची धार टिकणार नाही. चुंबक चिकटले म्हणजे चाकू उत्तम, असे मात्र नव्हे. मऊ लोखंडालाही चुंबक चिकटतेच. ही परीक्षा नापास कोण हे सांगते, पहिला कोण हे सांगत नाही.

खीळ आणि कळ

घडीच्या चाकूचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे पाते जिच्याभोवती फिरते ती खीळ. इथे तरफेचा नियम लागू होतो. समजा, खिळीपासून ८० मिलिमीटर अंतरावर, पात्याच्या टोकाशी, तुम्ही डब्याचे झाकण उचकटण्यासाठी ५० न्यूटन बल लावले. पाते ज्या टेकूवर अडते, तो खिळीपासून केवळ ५ मिलिमीटरवर आहे. तर टेकूवर येणारे बल असेल ५० × ८० ÷ ५, म्हणजे ८०० न्यूटन. जणू ऐंशी किलोचा माणूसच त्या इवल्याशा टेकूवर उभा राहिला! म्हणून चाकूने झाकणे उचकटू नयेत, खिळे उपटू नयेत. एकदा खीळ सैल झाली की पाते डुगडुगते आणि तो चाकू भरवशाचा राहत नाही.

दुसरा धोका असतो पाते अचानक मिटण्याचा. साध्या चाकूत पाठीमागची स्प्रिंगची पट्टी पाते उघडे धरते, पण टोकावर उलटा दाब पडला तर पाते बोटांवर मिटू शकते. फ्रान्समधील सव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये लाकडी मुठीचा एक साधा, स्वस्त चाकू बनवला. शेतकरी आणि कामगार तो वापरू लागले. त्यालाही आरंभी अडकण नव्हती. पुढे १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी एक फिरती कडी बसवण्यात आली. कडी फिरवली की उघडलेले पाते जागच्या जागी अडकते. इतर चाकूंत हेच काम मुठीतली पट्टी किंवा पाठीवरची कळ करते. तुम्ही नवशिके असाल, तर अशी अडकण असलेलाच चाकू घ्या.

दुकानात काय पाहाल?

घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि या गोष्टी क्रमाने पाहा.

१. पाते हळू उघडा. ते अडखळू नये आणि फार सैलही असू नये.

२. उघडलेले पाते चिमटीत पाठीकडून धरून डावी-उजवीकडे हलवा. ते डुगडुगले तर चाकू नको.

३. अडकण नीट बसते का पाहा. पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच दाबा. बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नका.

४. पाते मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावते का? डोकावत असेल तर ते खिसा आणि मांडी दोन्ही फाडील.

५. मूठ चार बोटांत पुरी मावली पाहिजे. ओल्या हातातही ती घसरू नये.

६. चुंबक लावून पाहा.

जोडीला दहा हत्यारे असलेला स्वस्त चाकू शक्यतो टाळा. तेवढ्याच पैशांत दहा वस्तू बनवायच्या म्हणजे प्रत्येकीत काटकसर आली. आपल्याला एकच पाते हवे, पण खरे हवे.

धार लावणे आणि निगा

चांगला चाकूही बोथट होतोच. त्यासाठी निसणा लागतो. निसण्यातले कण पोलादाहून कठीण असतात. कुरुंदाची कठिणता मोहच्या मापावर ९ आहे. पाते दगडाशी सुमारे २० अंशांचा कोन करून फिरवायचे. हा कोन मोजायचा कसा? कागदाचा कोपरा घ्या, तो ९० अंशांचा असतो. त्याची कोपऱ्यातूनच एक घडी घातली की ४५ अंश होतात. आणखी एक घडी घातली की साडेबावीस. हा कागद निसण्याशेजारी उभा धरून पाते तेवढेच कलते ठेवा. दोन्ही बाजूंनी सारख्याच वेळा फिरवा. ही कला मोठ्या माणसाजवळ बसून शिका.

काम झाले की पाते धुऊन, कोरडे करून मगच मिटा. खिळीच्या सांध्यात अडकलेला फळाचा रस आणि घामातले मीठ गंजाला आमंत्रण देतात. आठवड्यातून एकदा सांध्यात खोबरेल तेलाचा थेंब सोडा.

चार सूचना

कापताना पाते अंगापासून दूर ढकला आणि हाताच्या अंतरावर कोणी नाही ना, ते पाहा. दुसऱ्याला देताना चाकू मिटूनच द्या. बोट कापलेच, तर जखम साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरा; जखम खोल असेल तर दवाखाना गाठा. गंजलेल्या पात्याने धनुर्वात होतो असे म्हणतात, पण दोष गंजाचा नसतो. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात आणि मळक्या पात्याबरोबर जखमेत शिरतात. म्हणून १० व्या आणि १६ व्या वर्षी मिळणारी टीडी लस चुकवू नका.

कायदाही लक्षात ठेवा. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी नसलेल्या, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूला १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांप्रमाणे परवाना लागतो. चित्रपटांतल्यासारखा, खटका दाबताच उसळून उघडणारा चाकू तर घेऊच नका. चाकू शाळेत, मिरवणुकीत, गर्दीत न्यायचा नाही. सहलीला न्यायचा असेल, तर तो शिक्षकांच्या स्वाधीन करा.

करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. दोन वेगवेगळे चाकू घ्या आणि दोन्हींना सारखीच धार लावा. एकाच खोक्याच्या पुठ्ठ्याच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या दोन्हींनी कापत जा. दर दहा पट्ट्यांनंतर वर्तमानपत्राचा कागद कापून पाहा. कागद सरळ कापला जाण्याऐवजी फाटू लागला, की त्या चाकूने किती पट्ट्या कापल्या ते नोंदवा. दोन्ही चाकूंची किंमत शेजारी लिहा आणि एका रुपयाला किती पट्ट्या पडल्या, हे काढा. मग महाग चाकू खरोखरच महाग होता का, हे तुमचा तक्ताच सांगेल.