अपराजित विक्रमाचे मोल

जॉर्ज फोरमन २१ मार्च २०२५ रोजी निवर्तला आणि मुष्टियुद्धाच्या रसिकांमधील एक जुना वाद पुन्हा उजळून निघाला. हेवीवेट, म्हणजे सर्वांत अवजड गटातील जगज्जेत्यांमध्ये खरा दमदार कोण? रॉकी मार्सियानो, जो लुई, महंमद अली, की स्वतः फोरमन? वादातील एक पक्ष नोंदवहीतील आकडे पुढे करतो, दुसरा दमसासाच्या कहाण्या सांगतो. पायाभूत वर्ष ठाऊक नसेल तर किमतींचा निर्देशांक जसा काहीच सांगत नाही, तसाच मल्लाचा विक्रमही प्रतिस्पर्धी कोण होते, नियम कोणते होते आणि तो थांबला केव्हा, हे पाहिल्यावाचून मुकाच राहतो. याचा विसर मात्र दोन्ही पक्षांना पडतो.

मार्सियानोचा आकडा सर्वांच्या तोंडी असतो. ४९ लढती, ४९ विजय, आणि त्यांपैकी ४३ प्रतिस्पर्ध्याला बाद करून मिळवलेले. दमसासाच्या बाबतीत त्याच्याविषयी शंका घेण्यास जागा नाही. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडले. पुढे बारा फेऱ्यांअखेर तो गुणांमध्येही मागेच होता. तेराव्या फेरीत उजव्या हाताच्या एका ठोशाने त्याने जगज्जेतेपद मिळवले. तथापि त्या दिवशी वॉलकॉट ३८ वर्षांचा होता. त्याच्या आदल्या वर्षी मार्सियानोने हरवलेला जो लुई ३७ वर्षांचा होता, आणि १९५५ मधील त्याचा अखेरचा प्रतिस्पर्धी आर्ची मूर हाही चाळिशीच्या घरात पोचलेला होता. यात मार्सियानोचा दोष काहीच नाही. समोर जे उभे राहिले त्यांच्याशी तो लढला. परंतु शून्य पराभवांच्या त्या आकड्यात प्रतिस्पर्ध्यांच्या सरत्या वयाचाही वाटा आहे, हे नाकारता येणार नाही.

लॅरी होम्सचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. ओळीने ४८ विजय मिळवून तो मार्सियानोच्या आकड्यापासून एका पावलावर येऊन ठेपला आणि २१ सप्टेंबर १९८५ रोजी मायकेल स्पिंक्सकडून गुणांवर पराभूत झाला. मार्सियानोची शेवटची लढत २१ सप्टेंबर १९५५ ची. म्हणजे बरोबर तीस वर्षांनी, त्याच तारखेला. ती एक लढत होम्सने जिंकली असती तर तो अधिक मोठा मल्ल ठरला असता काय? उलट बाजूने जो फ्रेझरकडे पाहावे. त्याच्या नावावर चार पराभव आहेत. पण ते चारही अवघ्या दोन माणसांकडून झाले. दोन फोरमनकडून, दोन अलीकडून. असे चार पराभव पदरी असणे हे पुष्कळ अपराजितांच्या विजयांपेक्षा अधिक सन्मानाचे म्हणावे लागेल.

आता दमसासाकडे वळू. येथे जुन्या काळाचे भक्त १८८९ मधील जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन यांची लढत हटकून सांगतात. मिसिसिपीतील रिचबर्ग येथे, शंभर अंश फॅरनहाइटच्या वर गेलेल्या उन्हात, उघड्या मुठींनी लढलेल्या ७५ फेऱ्या! आकडा ऐकून छाती दडपते. पण त्या काळच्या नियमांनुसार कोणीतरी खाली पडला की फेरी संपत असे. एकंदर लढत २ तास १६ मिनिटांची; म्हणजे विश्रांती धरूनही एका फेरीला सरासरी दोन मिनिटांहून कमी वेळ. याउलट पुढील काळातील १५ फेऱ्यांची लढत म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटांप्रमाणे ४५ मिनिटे सतत मारा आणि मधल्या चौदा मिनिटांची विश्रांती. सलिव्हन अधिक वेळ उभा राहिला हे खरे. परंतु फ्रेझरच्या गतीने त्याला लढावे लागले नव्हते. महाराष्ट्रातील कुस्तीशौकिनांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. निकाली कुस्तीच्या फडात दीर्घकाळ खडाखडी करणाऱ्या मल्लाचा दम निराळा आणि गादीवर सहा मिनिटांत गुण टिपणाऱ्याचा निराळा.

पंधराची मर्यादाही पुढे टिकली नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगास येथे हलक्या वजनगटातील एका लढतीत कोरियाचा किम दुक-कू हा रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांतच मरण पावला. त्यानंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने जगज्जेतेपदाच्या लढती १२ फेऱ्यांवर आणल्या; अन्य संघटनाही त्याच दशकात त्याच वाटेने गेल्या. मार्सियानोने वॉलकॉटला आणि १९४१ मध्ये लुईने बिली कॉनला बाद केले ते तेराव्या फेरीत. लुईही त्या वेळी गुणांत मागे होता. आजच्या नियमांत या दोन्ही लढतींचे निकाल बाराव्या फेरीअखेर उलटे लागले असते. म्हणून आजचे मल्ल दमात कमी पडतात असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी, ज्या तीन फेऱ्यांत तो दम दिसत असे त्या आता उरलेल्याच नाहीत, हे ध्यानात घ्यावे. त्या काढून टाकल्या हे योग्यच झाले.

दम म्हणजे केवळ फुप्फुसांची ताकद नव्हे, हे फोरमनइतके कोणीच दाखवून दिले नाही. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे तो २५ वर्षांचा होता, ४० पैकी ४० लढती त्याने जिंकलेल्या होत्या, आणि त्यांपैकी बहुतेक पहिल्या काही फेऱ्यांतच. अली दोरांना टेकून उभा राहिला, मार झेलत राहिला. आणि आठव्या फेरीपर्यंत फोरमनच्या हातांतले त्राण संपले. तोच फोरमन दहा वर्षांच्या निवृत्तीनंतर परतला, ४२ व्या वर्षी इव्हँडर होलिफील्डशी पूर्ण बारा फेऱ्या लढला, आणि ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, गुणांत मागे असताना मायकेल मूररला दहाव्या फेरीत बाद करून पुन्हा जगज्जेता झाला. तो थोराड झाला होता, पोट सुटले होते. पण तरुणपणी रागाच्या भरात उधळली जाणारी शक्ती आता तो पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थाप्रमाणे खर्च करीत होता.

मग हे लोक वेळीच थांबत का नाहीत? लुईचे उत्तर पैशात आहे. सुमारे पावणेबारा वर्षे जगज्जेतेपद, त्याचे २५ वेळा यशस्वी रक्षण, आणि १९४९ मध्ये अपराजित जगज्जेता म्हणूनच निवृत्ती. १९४२ मध्ये दोन लढतींचे मानधन त्याने आरमाराच्या व लष्कराच्या मदतनिधीला दिले होते. पण कराची थकबाकी त्याच्या मानगुटीवर बसली होती. ती फेडण्यासाठी लढावे, तर नव्या कमाईवर पुन्हा कर. अमेरिकेतील सर्वोच्च दर १९५० च्या दशकाच्या आरंभी ९० टक्क्यांच्या पुढे होता. सावकाराच्या दारी व्याज फेडण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्या कुळाहून त्याची स्थिती फारशी वेगळी नव्हती. १९५० मध्ये तो एझर्ड चार्ल्सकडून हरला आणि पुढल्या वर्षी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. मार्सियानोच्या ४९ विजयांत तो एक विजय असा धरलेला आहे.

अलीचा हिशेब याहून कठोर आहे. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरच्या गुरूने, एडी फुचने, आपल्या शिष्याला पुढे जाऊ दिले नाही, तेव्हा अलीच्या नावावर नेमके ४९ विजय होते आणि पराभव दोन. त्या दोन्ही पराभवांची त्याने परतफेड केलेली होती. वय ३३. मार्सियानो ४९ विजयांनंतर ३२ व्या वर्षी थांबला. अली आणखी दहा वेळा लढला. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी झालेल्या पंधरा फेऱ्यांनंतर त्याचे वैद्य फर्डी पचेको त्याला सोडून गेले, कारण तपासणीत मूत्रपिंडांवर परिणाम दिसू लागला होता. २ ऑक्टोबर १९८० रोजी होम्सशी लढताना त्याचे वजन दोनशे साडेसतरा पौंड भरले. किन्शासात ते दोनशे साडेसोळा होते. काटा जवळजवळ तोच. पण या वेळी ते वजन थायरॉइडच्या गोळ्यांनी उतरवलेले होते आणि अंगात दम उरला नव्हता. तिन्ही पंचांनी दहाही फेऱ्या होम्सला दिल्या, त्यानंतर अँजेलो डंडीने लढत थांबवली. जिंकलेला होम्स त्या रात्री रडला.

पुढे १९८४ मध्ये पार्किन्सनच्या विकाराचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, याविषयी वैद्यांत एकमत नाही. परंतु होम्सच्या लढतीनंतरही अली आणखी एकदा, डिसेंबर १९८१ मध्ये नासाऊ येथे, ट्रेव्हर बर्बिकसमोर उभा राहिला. वय ३९. लढत दहा फेऱ्यांची होती आणि दहाही फेऱ्या तो उभा होता.