डीएसक्यू (म्हणजे 'बाद') दिसलं की पाव तास थांबा!
1968 च्या ग्रनोबल ऑलिम्पिकमधली स्कीइंगची स्लॅलम शर्यत दाट धुक्यात झाली. वाटेत कुणीतरी आडवं आलं म्हणून थांबावं लागलं, अशी तक्रार ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रान्त्सने केली. त्याला पुन्हा उतरायची परवानगी मिळाली आणि त्याची वेळ सर्वांत चांगली आली! नंतर ठरलं, की थांबण्याआधीच त्याचं गेट, म्हणजे ज्यातून जायलाच हवं अशी खांबांमधली वाट, चुकलं होतं. तो बाद, सुवर्ण फ्रान्सच्या जाँ-क्लोद किलीला. यावर वाद घालणारे आजही भेटतात.

म्हणूनच मला या खेळातली कागदपत्रं भारी वाटतात. कुणाचं गेट चुकलं, की गेट जज आपल्या कार्डावर चक्क स्कीची वाट रेखाटतो. धाव संपली, की रेफ्री बाद झालेल्यांची यादी गेट क्रमांक आणि कारणासह फलकावर लावतो, वेळ टाकून. तिथून 15 मिनिटं हरकतीची. हरकत लेखी हवी, सोबत अनामत रक्कम. मान्य झाली तर पैसे परत. हरकतीवर निर्णय देणाऱ्या ज्युरीच्या बैठकीचं इतिवृत्तही लिहायचं, कुणी काय मत दिलं त्यासकट, खाली सह्या. मतं समसमान पडली तर ज्युरीचा प्रमुख असलेल्या टेक्निकल डेलिगेटचं मत निर्णायक.

तेव्हा टीव्हीवर नावापुढे 'डीएसक्यू' दिसलं, तरी लगेच चॅनेल बदलू नका.