चेहरा बदलला, डॉक्टर तोच

नाटकात मुख्य नट बदलला की प्रेक्षक पहिला अंकभर कुरकुरतात. मालिकेतला नट तर दर आठवड्याला आपल्या घरी येतो. त्याला बदलायचे कसे?

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेपुढे १९६६ साली हाच पेच होता. १९६३ पासून काळात भटकणाऱ्या डॉक्टरची भूमिका विल्यम हार्टनेल करीत होते. पण त्यांची प्रकृती ढासळली, संवाद आठवेनात. निर्माते इनिस लॉइड आणि कथा-संपादक गेरी डेव्हिस यांनी त्यांच्यासारखा दिसणारा नट शोधला नाही. डॉक्टर मुळात परग्रहावरचा. मग शरीर झिजल्यावर ते नवे होते, असे त्यांनी कथेतच ठरवून टाकले. २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागात थकलेला डॉक्टर कोसळला, पडदा उजळला आणि त्या जागी पॅट्रिक ट्रॉटन यांचा चेहरा दिसला.

ट्रॉटन यांनी नक्कल केली नाही. तिरसट आजोबांच्या जागी मिश्कील भटक्या आला. प्रेक्षकांनी हळूहळू त्यालाही आपले मानले. पुढे याच वाटेने अनेक डॉक्टर आले. २०१८ च्या मालिकेत तर जोडी व्हिटेकर या अभिनेत्री डॉक्टर होत्या.

गझलेत रदीफ तोच असतो, शेर मात्र दर वेळी नवा. मला ही युक्ती तशीच वाटते. हार्टनेल यांचा थकवा कुणी लपवला नाही, त्याला कथेत जागा दिली. म्हणूनच प्रेक्षकांना एकाला निरोप देऊन दुसऱ्याचे स्वागत करता आले.