घाट चढला की थांबायचंच

कसारा घाटात, मुंबई-नाशिक रस्त्याच्या कडेला एक दगडी घुमट आहे. लांबून एखादी समाधी वाटते. जवळ जाऊन खिडकीतून डोकावलं की खाली पाणी! ही टोपाची बावडी, अहिल्याबाई होळकरांनी वाटसरूंसाठी बांधली असं सांगतात. विहिरीवर घुमट कशाला? पालापाचोळा पडू नये, ऊन थेट पाण्यावर येऊ नये, आणि खिडक्यांतून उजेडही मिळावा. किती विचार आहे या एका छपरात!

आणि जागाही किती नेमकी. कोकणातून आग्र्याकडे जाणारी वाट इथे थळ घाट, म्हणजे हाच कसारा घाट, चढते. चढाने दमलेल्या बैलांना पाणी हवं, माथ्यावर पोचल्यावर विसावा हवा. इगतपुरी नेमकी त्या माथ्यावर आहे.

जुन्या वाटांवरच्या सराया आणि मोठ्या धर्मशाळा याच गरजेतून घडल्या. बाहेरून आंधळी भिंत, एकच दरवाजा, आत मोकळा चौक आणि चौकाभोवती ओवऱ्या. जनावरं चौकात, माणसं ओवरीत. रात्री तो एक दरवाजा लावला की सगळा तांडा सुरक्षित. इराणपासून आपल्यापर्यंत हीच रचना दिसते. इंग्लंडमधल्या बग्ग्यांच्या मुक्कामघरांतही बग्गी कमानीखालून सरळ अंगणात शिरे आणि दमलेले घोडे सोडून ताजे जुंपले जात.

मग रेल्वे आली, आणि मला खरं नवल वाटतं ते इथून पुढे. 1865 साली लोहमार्ग इगतपुरीला पोचला. कसाऱ्याहून जेमतेम पंधरा किलोमीटरमध्ये सुमारे 300 मीटर चढ; काही ठिकाणी 37 मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर जाते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं, त्याला हा चढ फार. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लावतात आणि इगतपुरीला ती सोडतात. त्यांना बँकर म्हणतात. काम मात्र वाटेत जुंपलेल्या जादा बैलांचंच!

1930 च्या सुमारास या घाटात विजेची इंजिनं आली. मालगाड्या ओढणाऱ्या लांबलचक इंजिनाला लोकांनी खेकडा हे नाव दिलं. मुंबईकडे 1500 व्होल्टची एकदिश वीज आणि इगतपुरीपुढे 25,000 व्होल्टची उलटसुलट वाहणारी, अशी स्थिती अनेक वर्षं होती. त्यामुळे इथे आख्खं इंजिनच बदलावं लागे. एक सोडायचं, दुसरं जुंपायचं. तेवढ्या वेळात प्रवासी फलाटावर उतरून गरम बटाटेवडे घेत. जनावर दमायचं बंद झालं, तरी थांब्याचं सगळं कामकाज या गावात चालूच राहिलं.

उतरणाऱ्या गाड्यांनाही सुटका नाही. मुंबईकडे जाताना घाटात शिरण्याआधी इगतपुरीला ब्रेक तपासावे लागतात, कारण पुढे तो 37 ला 1 चा उतार आहे आणि चढताना जे वजन जड जातं, तेच उतरताना गाडीला मागून रेटत असतं.