विलायतेतील मोफत औषधे आणि दंडाची नोटीस

कोकणातील अनेक घरांची मुले आज इंग्लंडात स्थायिक आहेत. तिकडच्या सरकारी आरोग्य सेवेत, म्हणजे एन.एच.एस.मध्ये, सारेच फुकट असा इकडे समज आहे. डॉक्टरची तपासणी मोफत, हे खरे. पण इंग्लंडात चिठ्ठीवरील प्रत्येक औषधाला मे २०२४ पासून ९.९० पौंड पडतात. व्हिसासाठी आरोग्य अधिभार भरला तरी हा आकार चुकत नाही.

माफी आहे ती ठरावीक लोकांना : साठ वर्षे पूर्ण झालेले, सोळाच्या आतील मुले, दाखला घेतलेल्या गरोदर स्त्रिया, काही सरकारी मदत घेणारे. चिठ्ठीच्या मागे खूण करून सही केली की दुकानदार औषध देऊन मोकळा होतो. पडताळणी मागाहून होते. हक्क जुळला नाही तर मूळ रक्कम आणि तिच्या पाचपट दंड. दंडाची कमाल मर्यादा १०० पौंड. म्हणजे ९.९० चे औषध ५९.४० ला! २८ दिवसांत भरणा न केल्यास दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम आणखी चढते.

खरी फसगत दातांच्या बाबतीत होते. साठीनंतर औषध मोफत, दात मात्र नाहीत. मधुमेहाचा माफी-दाखलाही दंतवैद्याकडे चालत नाही, आणि औषधासाठीही त्याची मुदत पाच वर्षांचीच. युनिव्हर्सल क्रेडिट मिळते एवढेही पुरत नाही. त्यात कमाईची मर्यादा आहे. घरच्या थोरल्यांच्या वतीने सही करणाऱ्या मुलांनी हे आधी विचारून घ्यावे.

लबाडी करणाऱ्याला दंड व्हावा, यात आमचे दुमत नाही. पण तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा मे २०१९ चा अहवाल पाहा. २०१४ पासून ५६ लाख नोटिसा निघाल्या, पैकी १७ लाख हरकतीनंतर मागे घ्याव्या लागल्या, कारण माफी वाजवी होती. दहातली तीन बिले चुकीची काढणारा मुनीम आमच्या पेढीवर आठवडाभरही टिकला नसता.

म्हणून नोटीस आली तर घाबरून लगेच पैसे भरू नयेत, आणि कागद बाजूलाही टाकू नये. दाखला असल्यास मुदतीत हरकत घ्यावी. हक्काची खात्री नसेल तेव्हा औषधाचे पैसे भरून त्याच वेळी ‘एफपी ५७’ ही पावती मागावी; नंतर ती मिळत नाही. तिच्यावर तीन महिन्यांत परतावा मागता येतो.