मातीचं वय, रंगाचं गाव

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये 95 क्रमांकाचं एक दालन आहे. तिथली सुमारे 1700 चिनी भांडी एका मुंबईकराने जमवलेली आहेत. पर्सिव्हल डेव्हिड 1892 मध्ये मुंबईत जन्मले. वडील सर सॅसून डेव्हिड हे शहरातले बडे व्यापारी आणि बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. मुलाने घराण्याचा व्यवसाय सांभाळला, पण जीव लावला तो चिनी मातीच्या भांड्यांवर. पैसा असलेले हौशी संग्राहक तेव्हाही पुष्कळ होते. डेव्हिड वेगळे ठरले ते अभ्यासामुळे. ते चिनी भाषा शिकले, आणि जुन्या वस्तू कशा पारखाव्यात हे सांगणाऱ्या 1388 मधल्या एका चिनी ग्रंथाचा त्यांनी इंग्रजीत अनुवाद केला.

या संग्रहात निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांची एक जोडी आहे. प्रत्येकीची उंची त्रेसष्ट सेंटिमीटरच्या वर, कानांच्या जागी हत्तीची तोंडं, अंगावर ड्रॅगन. त्या दोन वेगवेगळ्या मालकांकडे पोचल्या होत्या, डेव्हिड यांनी त्या पुन्हा एकत्र आणल्या. दोघींच्या गळ्यावर लेख आहे: जांग वेनजिन नावाच्या भाविकाने कुटुंबाच्या सुखासाठी या फुलदाण्या आणि एक धूपपात्र देवळाला अर्पण केलं. साल येतं 1351. धूपपात्र हरवलं, पण उरलेल्या दोघींनी चिनी मृद्कलेचा इतिहास बदलला. त्याआधी अशी निळी-पांढरी भांडी पक्व रूपात मिंग राजवटीत, म्हणजे 1368 नंतर घडली, असं बहुतेक जाणकार मानत. इथे तर मंगोल युआन राजवटीतच ही कला पुरती मुरलेली दिसत होती. 1929 मध्ये चिनी मृद्कलेचे अभ्यासक हॉब्सन यांनी या लेखाकडे लक्ष वेधलं आणि 1950 च्या दशकात अभ्यासक जॉन पोप यांनी या जोडीशी ताडून इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातली आणि इराणमधल्या अर्दबीलच्या दर्ग्यातली भांडी युआन काळाची ठरवली. साल माहीत असलेलं एक भांडं हाती लागलं, की साल न लिहिलेल्या शेकडो भांड्यांना त्याच्याशेजारी ठेवून पाहता येतं.

पण भांड्यावर लिहिलेल्या सालावर किती विसंबायचं? चिनी भांड्यांच्या तळाशी राजाच्या कारकिर्दीचं नाव घालायची पद्धत मिंग काळापासून रुळली. त्यानंतर दोनेकशे वर्षांनी, छिंग राजवटीतल्या कांगशी सम्राटाच्या काळात, कारागीर आपल्या नव्या भांड्यांवर बिनदिक्कत मिंग काळातल्या छंगह्वा सम्राटाचं नाव घालत होते. त्यात दर वेळी फसवणूक असे असं नाही, पूर्वजांबद्दलचा आदरही असे. पण आजच्या संग्राहकाला त्याने काय फरक पडतो! म्हणून लेख बाजूला ठेवून पदार्थालाच विचारावं लागतं. पदार्थ उत्तर देतो, मात्र विचारलं तेवढंच. रंगाला गाव माहीत असतं, मातीला वय. एकाला दुसऱ्याचा प्रश्न विचारला की फसगत ठरलेली.

आधी रंग. झिलईच्या खाली राहून सुमारे 1300 अंश सेल्सिअसची आच सोसणारे रंग फार थोडे. तांब्याचा लाल रंग त्यातलाच, पण लहरी: भट्टीतली हवा जरा बिघडली की तो करडा पडतो किंवा उडूनच जातो. कोबाल्टचा निळा मात्र भरवशाचा. युआन काळात चिनी पोर्सिलेनचं केंद्र असलेल्या जिंगदेझेनच्या कारागिरांकडे येणारं कोबाल्ट पश्चिम आशियातून येई. त्या खनिजात लोह भरपूर आणि मँगनीज अगदी कमी. चीनमधल्या स्थानिक कोबाल्टमध्ये नेमकं उलट, मँगनीज उदंड. पंधराव्या शतकात स्थानिक खनिज वापरात येत गेलं आणि छिंग काळात तेच मुख्य झालं. म्हणून भांड्यावर क्ष-किरण टाकून निळ्या रेषेतून कोणत्या मूलद्रव्याचे किरण परत येतात ते मोजलं, की मँगनीज आणि लोहाचं गुणोत्तर कळतं. भांड्याला ओरखडाही पडत नाही. युआन आणि आरंभीच्या मिंग भांड्यांवर निळ्या रेषेत अधूनमधून जे काळसर, जरासे खोलगट ठिपके दिसतात, तेही या लोहाचंच काम. अठराव्या शतकातल्या कारागिरांना ते इतके आवडले, की त्यांनी कुंचल्याने मुद्दाम ठिपके देऊन त्यांची नक्कल केली.

विसाव्या शतकातल्या कारखान्यात शुद्ध केलेल्या कोबाल्टमध्ये या भेसळीचा मागमूस नसतो, त्यामुळे साधी नक्कल लगेच पकडली जाते. पण नक्कल करणाराही शिकतो. योग्य खनिज मिळवून रंग कालवला, तर हे यंत्र त्या भांड्याला उत्तीर्ण करेल, कारण त्याला विचारलं होतं ते गाव, वय नव्हे.

वय मातीला विचारायचं. मातीतले गारेचे आणि फेल्डस्पारचे कण आसपासच्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियममधून येणारे अतिसूक्ष्म किरणोत्साराचे फटके अखंड खात असतात. त्या ऊर्जेने काही इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकांतल्या दोषांत अडकून पडतात. कुंभार भांडं भाजतो तेव्हा हे सगळे अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि हिशेब शून्यावर येतो. भांडं गार झालं की साठवण पुन्हा सुरू. गळक्या नळाखालचा रिकामा रांजण किती भरलाय आणि नळ मिनिटाला किती गळतो हे कळलं, तर तो तिथे केव्हा ठेवला हे सांगता येईल, तसाच हा हिशेब. प्रयोगशाळेत तळाची चिमूटभर पूड काढून सुमारे 500 अंशांपर्यंत तापवतात. सुटणारे इलेक्ट्रॉन क्षीण प्रकाश देतात, तो मोजला की शेवटच्या भाजणीपासून साठलेली मात्रा कळते. तिला वार्षिक मात्रेने भागलं की वय. याचं नाव थर्मोल्युमिनेसन्स. 1953 मध्ये फॅरिंग्टन डॅनियल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना सुचवली आणि 1960 च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये मार्टिन एटकिन यांच्या गटाने तिला पुरातत्त्वात पक्कं स्थान मिळवून दिलं.

या पद्धतीचा खरा उपयोग दिसला तो थडग्यांतल्या मातीकामात. तांग काळातले (618 ते 907) तिरंगी घोडे आणि उंट आज जगभरच्या संग्रहालयांची शान आहेत. तांब्याचा हिरवा, लोहाचा मधाळ पिवळा, मधूनच कोबाल्टचा निळा, आणि शिशाच्या झिलईमुळे एकमेकांत ओघळलेले रंग. चिनी संग्राहक पूर्वी त्यांना हातही लावत नसत, थडग्यातली वस्तू घरात नको म्हणून. विसाव्या शतकाच्या आरंभी लोयांगजवळ रेल्वेमार्गाचं खोदकाम सुरू झालं, थडगी उघडी पडली, परदेशी ग्राहक मिळाले, आणि पाठोपाठ नकला सुरू झाल्या. 1940 च्या दशकात तर हेनान प्रांतातल्या हुईश्येनची म्हणून काळसर, रंगवलेल्या भांड्यांची आणि मूर्तींची एक अख्खी जातच बाजारात आली. ती ख्रिस्तपूर्व काळातली समजून मोठमोठ्या संग्रहालयांनी घेतली. ऑक्सफर्डच्या चाचण्यांचे निष्कर्ष 1972 मध्ये प्रसिद्ध झाले: या शैलीच्या वस्तू आधुनिक निघाल्या. तज्ज्ञांची नजर जिथे फसली, तिथे चिमूटभर पुडीने निकाल दिला.

तरी या पद्धतीच्या मर्यादा संग्राहकाने नीट समजून घ्यायला हव्यात, कारण प्रमाणपत्राचा कागद पाहून डोळे मिटणारे लोक खूप आहेत. भांडं कुठल्या मातीत पुरलेलं होतं हे माहीत नसेल, तर आसपासून त्याला दरवर्षी किती किरणोत्सार मिळाला याचा अंदाजच बांधावा लागतो आणि उत्तरात मोठी फट राहते. बाराशे वर्षांचा घोडा आणि पन्नास वर्षांचा घोडा यांतला फरक ही चाचणी सहज सांगते. पण 1722 मध्ये संपलेल्या कांगशी कारकिर्दीची वाटी आणि 1723 मध्ये सुरू झालेल्या योंगजेंग कारकिर्दीची वाटी ती वेगळी करू शकत नाही. शिवाय पोर्सिलेनचा तळ इतका घट्ट आणि पातळ, की पूड खरवडून भागत नाही, छोटा गोल तुकडाच कापून काढावा लागतो. मोलाच्या भांड्याला असं भोक पाडायला कोण तयार होणार?

नकली माल बनवणारेही स्वस्थ बसलेले नाहीत. कोणी नव्या भांड्यावर कृत्रिम किरणोत्सार सोडून रांजण एका दिवसात भरतो. कोणी जुन्या फुटक्या भांड्याचा अस्सल तळ घेऊन त्यावर नवं अंग चढवतो. चाचणी घेणारा तळातूनच नमुना घेणार, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून नमुने एकाहून जास्त जागांतून घ्यावे लागतात, आणि जोड कुठे आहे ते पाहायला एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करावं लागतं. तेही नमुना काढल्यानंतर, कारण स्कॅनचे किरण त्याच हिशेबात मिसळतात.

मग या सगळ्या परीक्षांना ताडून पाहायला आधार कुठला? आधार खापरांचा. सोंग काळातली रू भांडी घ्या. बाराव्या शतकाच्या आसपास फार थोडी वर्षं दरबारासाठी बनलेली, आणि आज जगात शंभराहून कमी शाबूत उरलेली. त्यांचा पावसानंतरच्या आभाळाचा निळा रंग कोबाल्टचा नाही. भट्टीत हवा कमी ठेवली की झिलईतलं थोडंसं लोह तांबूस न होता निळसर-हिरवं होतं, आणि झिलईतले सूक्ष्म स्फटिक व बुडबुडे प्रकाश विखरून त्याला तो मऊपणा देतात. 2017 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात रूची कुंचले धुण्याची एक छोटी वाटी 29 कोटी 43 लाख हाँगकाँग डॉलरना गेली. या भांड्यांची भट्टी नेमकी कुठे होती, हे मात्र 1980 च्या दशकापर्यंत कोणालाच पक्कं माहीत नव्हतं. हेनानमधल्या छिंगल्यांगस गावात झिलई लागलेली खापरं मिळाली, 1987 पासून उत्खनन झालं, आणि फेकलेल्या सदोष भांड्यांच्या ढिगांतून रूची माती आणि झिलई कशी असते याचा खात्रीचा नमुना प्रथमच हाती आला. जिंगदेझेनच्या शाही भट्ट्यांपाशीही तेच घडलं. राजाच्या पसंतीस न उतरलेली भांडी तिथे मुद्दाम फोडून पुरली जात, बाहेर विकली जाऊ नयेत म्हणून. आज तेच तुकडे जोडून कुठल्या कारकिर्दीत काय बनत होतं ते समजतं. त्या खापरांना लिलावात कोणी विचारणार नाही. पण कोट्यवधींची वाटी अस्सल की नकली हे ठरतं, ते त्यांच्याशी ताडूनच.

म्हणूनच चोरून खणलेल्या भांड्याची मला चीड येते. ते शाबूत असेल, देखणं असेल, पण त्याच्याभोवतीची माती, शेजारची नाणी, थर, सगळं पुसून ते बाजारात येतं. त्याची वार्षिक मात्रासुद्धा मग अंदाजानेच धरावी लागते, म्हणजे लुटारूने चाचणीची अचूकताही लुटलेली असते. चीनचा 1982 चा कायदा जमिनीतून निघालेला पुरावशेष राष्ट्राचा मानतो. आपल्याकडेही 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. वाद मात्र मिटत नाहीत. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ 1998 मध्ये सापडलेल्या नवव्या शतकातल्या अरबी जहाजात सुमारे 60,000 चिनी भांडी होती, आणि एका वाडग्यावर 826 हे साल देणारा लेख. इतका मोठा ठेवा, पण तो एका व्यापारी कंपनीने काढला. पुरातत्त्वज्ञांच्या विरोधामुळे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने 2011 मध्ये त्याचं ठरलेलं प्रदर्शन रद्द केलं. आज ही भांडी सिंगापूरच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये आहेत.

आपल्या किनाऱ्यावर यापेक्षा लहान, पण शास्त्रीय पद्धतीने हाताळलेलं उदाहरण आहे. गोव्याजवळ सुंची नावाच्या खडकाळ भागात सतराव्या शतकाच्या सुमाराचं एक पोर्तुगीज जहाज बुडालेलं आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून त्याची पाहणी केली. हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, तोफ आणि विटा यांच्या जोडीला तिथे मिळाली निळ्या-पांढऱ्या चिनी पोर्सिलेनची खापरं. एकही भांडं धड नाही. पण प्रत्येक तुकडा कुठून उचलला याची नोंद आहे, आणि ते जहाज कोणत्या काळातलं, कोणत्या मार्गावरचं हे ठरवताना हेच तुकडे साक्षीला येतात.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा आणि दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी भांडी पाहायला मिळतात. तिथे गेलात तर चित्रावरून नजर खाली, तळाच्या कडेवर न्या. झिलई जिथे संपते आणि भाजलेली माती उघडी दिसते, तिथून जाणकारांची तपासणी सुरू होते: मातीचा पोत, तिचा पांढरेपणा, कडेवर उमटलेली तांबूस रेघ, आणि भट्टीत भांडं कशावर टेकवलं होतं त्याच्या खुणा.