हौशी वेधशाळा आणि दक्षिणेचे आकाश

हौशी आकाशनिरीक्षकांनी चालवलेली वेधशाळा पाहायची, तर सातारा-सांगलीच्या प्रवाशाला ती वाटेतच, पुण्यात भेटते. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही 1944 साली स्थापन झालेली, देशातील सर्वांत जुन्या हौशी खगोल संस्थांपैकी एक. टिळक स्मारक मंदिराच्या आवारात तिची वेधशाळा आहे. दुर्बिणीतून चंद्राची विवरे पाहायला अर्धा चंद्र उत्तम. पौर्णिमेला सावल्याच नसल्याने ती सपाट दिसतात. अंधुक तारकागुच्छांसाठी मात्र अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडावेत.

शहरी झगमगाटात जे हरवते, ते पुढच्या प्रवासात गवसते. ध्रुवताऱ्याची उंची जवळपास त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, सांगलीचा सतराच्या किंचित खाली. म्हणजे सांगलीत ध्रुव दीड अंशाहून अधिक खाली जातो आणि दक्षिणेचे तारे तितकेच वर येतात. हा फरक पूर्णचंद्राच्या रुंदीच्या तिप्पट आहे! मे महिन्याच्या मध्याला, रात्री साडेनऊच्या सुमारास त्रिशंकूचा तळाचा तारा सांगलीहून क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर असतो. तासाभराने नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ पंचवीस अंशांवर येतो. सुमारे 17 हजार प्रकाशवर्षे दूर असलेला, लक्षावधी ताऱ्यांचा हा गोळा युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना दिसतच नाही. इथे अंधाऱ्या माळावरून तो साध्या द्विनेत्रीतूनही धूसर ठिपक्यासारखा ओळखता येतो. त्याआधी डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय होऊ द्यावी आणि मोबाइल खिशातच ठेवावा.